रुंद चवडा

नोकरीच्या सवलतीत मिळालेला पहिला जोडा मी बाबांना दिला,
पांढरा, परदेशी, पगारातून तीन हप्ते कापणारा.
त्यांनी तो पायात घातलाच नाही.
पाटावर ठेवला, चष्मा पुसला
आणि रापीने उभा चिरला, मासा चिरावा तसा.

मी ओरडले. आई म्हणाली, राहू दे, वाचतायत ते.

खरंच वाचत होते.
"इंचाला बारा टाके. मी दहा घालतो.
धागा ओढून बघ, तुटत नाही.
आणि तळ केवढा हलका, पावासारखा."
मग आतला पुठ्ठा बोटावर वाकवून,
"इथे चामडं हवं होतं. इथे त्यांनी पैसे वाचवले."
बराच वेळ गप्प.
"पण असलं सोल्युशन मला जन्मात मिळालं नाही."

मारिकिनातल्या आमच्या गल्लीत तेव्हा बावीस कारखाने होते,
कारखाना म्हणजे घराची पुढची खोली.
आता चार, त्यातला एक नुसत्या दुरुस्तीचा.
दोष सगळा परक्यांचा नाही, हे मी घरात बोलत नाही.
आमचा जोडा तीन आठवडे उशिरा मिळायचा,
सात नंबर मागितला की साडेसहा गळ्यात, "सैल होईल हळूहळू",
पावसाळ्यात टाच जीभ बाहेर काढायची,
आणि पाटीवर नाव काय, तर 'नेमेसियो अँड सन्स'.
सन्स नव्हतेच. मी होते.

मी कुबाओच्या मॉलमध्ये दहा तास उभी असते,
गणवेशाबरोबर मिळालेल्या, त्याच कंपनीच्या बुटांत.
भिंतीवर एक धावपटू, त्याच्या पोटरीएवढी माझी कंबर.
गिऱ्हाइकं बुटाआधी खूण बघतात.
पोरं तर बुटाकडेही बघत नाहीत,
एकमेकांच्या पायांकडे बघतात.

गेल्या मंगळवारी एक बाई आल्या, सत्तरीच्या,
मुलीने दुबईहून पैसे पाठवलेले.
बसल्या, मोजा काढला.
पंख्यासारखा पसरलेला चवडा,
अंगठ्याच्या मुळाशी हाडाची गाठ,
करंगळी शेजारणीच्या अंगावर चढलेली.
बाईंना मी ओळखलं नाही, पायाचं गाव ओळखलं.
असे पाय आमच्या फळीवर ओळीने असायचे,
लाकडाचे, टाचेवर पेन्सिलीने नाव.
कुणाचा पाय बदलला की बाबा त्याच्या फर्म्यावर
चामड्याचा तुकडा ठोकायचे,
बाळंतपणानंतर, तुरुंगातून सुटल्यावर, म्हातारपणी.
नदी घरात शिरली त्या रात्री
सगळं गाव आमच्या खिडकीतून बाहेर पडलं,
पालथं, तरंगत, एकेक पाऊल.

"रुंद मिळेल का?"
आमच्या यादीत रुंदीचा रकानाच नाही.
एक नंबर मोठा दिला, पुढे कापूस भरला.
आरशात दोन्ही बाजूंनी बघून त्या हसल्या,
"हलके आहेत गं!"
माझं कमिशन त्रेचाळीस पेसो.

बूट बांधून देण्याआधी मी म्हटलं, जरा उभ्या राहा,
आणि खोक्यातला पातळ कागद जमिनीवर पसरून
त्यांच्या पायाभोवती पेन फिरवलं.
त्यांना गुदगुल्या झाल्या.
कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

रात्री कागद बाबांसमोर ठेवला.
कोपऱ्यात कंपनीची खूण, मधोमध तो पाय.
त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, करंगळीपाशी थांबले.
"कोन्सोलासियोन. चर्चबाहेर मेणबत्त्या विकायची.
हिचा फर्मा पुरात गेला."
मग, "काय घेतलं तिने?"
मी सांगितलं.
"नंबर?"
तोही सांगितला.

बाबा उठले.
लाकडं ठेवतात त्या कोपऱ्यात खुडबुड करत राहिले,
आणि तिथूनच, पाठमोरे, म्हणाले,
"डाव्यात कापूस जास्त भरायला हवा होतास."